कॅमेरा हलका हवा, हप्ता त्याहून हलका



गासहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे यजमान वालीवच्या एका कारखान्यात कामाला आहेत, मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मुलीला पक्षी पाहण्याचा नाद लागला आहे. रविवारी सकाळी ती मैत्रिणींबरोबर भुईगावच्या बाजूला जाते, बावखलांच्या काठाने हिंडते आणि घरी येऊन वहीत नावे लिहून ठेवते. आता तिला कॅमेरा हवा आहे. महिला मंडळाची सहलही ठरते आहे : नागपूरला दीक्षाभूमी, तिथून ताडोबा आणि परतताना अजिंठा. दुकानदाराने मोठा कॅमेरा आणि हातभर लांबीची लेन्स दाखवली व "ताई, हप्त्याने न्या" असे सांगितले. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात की हे श्रीमंतांचे छंद, आपले काम नव्हे. भगिनी विचारतात, "भाऊ, काय करू?"

पत्राचे उत्तर एका ओळीत देता येत नाही, म्हणून आजचा सगळा हिशेब याच विषयाचा.

पहिल्यांदा एक गोष्ट स्पष्ट करतो. पक्षी कोणाच्या बापजाद्यांच्या मालकीचा नाही. गासच्या शेतातली टिटवी आणि बावखलावरचा खंड्या बघायला कोणी तिकीट मागत नाही. विज्ञान शिकणाऱ्या मुलीने तारखेसह फोटो काढून नोंद ठेवली तर ती नोंद तिच्या शिक्षणात भरच घालील. वसईच्या हिरव्या पट्ट्यात बावखले बुजतात, पाणथळीवर भराव पडतो. अशा ठिकाणी कोणता पक्षी कोणत्या महिन्यात येत होता याचा पुरावा गावातल्याच एखाद्या मुलीच्या वहीत आणि कॅमेऱ्यात असला तर तो उद्या कामी येईल. तेव्हा "आपले काम नव्हे" हे मला मान्य नाही. मात्र "हप्त्याने न्या" हेही मान्य नाही. या दोहोंच्या मधली वाट शोधावयाची आहे.

मोबाईल असताना कॅमेरा कशाला?

घरच्या कार्यक्रमाला, विहारातल्या समारंभाला, समुद्रकिनाऱ्यावरच्या सूर्यास्ताला मोबाईल पुरेसा आहे. अडचण येते ती दूरच्या लहान वस्तूची. वीस मीटरवरचा खंड्या मोबाईलच्या फोटोत तिळाएवढा दिसतो. बोटांनी तो मोठा केला की बहुतेक वेळा फोटोचाच तुकडा ताणला जातो, नवे काही दिसत नाही.

दुसरे कारण या सहलीपुरते आहे. ताडोबाच्या सफारीत डिसेंबर २०१८ पासून मोबाईल नेण्यास बंदी आहे. फोटो काढावयाचे असतील तर तिथे कॅमेराच लागतो. काही अभयारण्यांत कॅमेऱ्याचे वेगळे शुल्क असते आणि मोठ्या लेन्सला जास्त पैसे पडतात. तिकीट काढतानाच विचारून घ्यावे, म्हणजे गेटवर वाद होत नाही.

वजन कशाचे असते?

दुकानात गेल्यावर फसगत होऊ नये म्हणून थोडे गणित समजून घेऊ. आठवीच्या मुलालाही कळेल असे आहे.

कॅमेऱ्याच्या पोटात एक चौकोनी तुकडा असतो, त्यावर उजेड पडून चित्र उमटते. त्याला सेन्सर म्हणतात. पूर्वी तिथे फिल्मचा रोळ असे. फिल्मच्या एका चित्राएवढा, म्हणजे ३६ × २४ मिमीचा सेन्सर असेल तर त्याला फुल फ्रेम म्हणतात. त्याहून लहान एपीएस-सी, कॅननच्या कॅमेऱ्यांत तो साधारण २२.३ × १४.९ मिमी असतो. त्याहून लहान मायक्रो फोर थर्ड्स, १७.३ × १३ मिमी. बऱ्याच छोट्या झूम कॅमेऱ्यांत तर तो ६.२ × ४.६ मिमीच्या आसपास, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान असतो.

सेन्सर लहान असला की त्याच पक्ष्याने चौकट भरण्यासाठी लेन्स आखूड पुरते. मायक्रो फोर थर्ड्सवर ३०० मिमीची लेन्स फुल फ्रेमवरच्या ६०० मिमीएवढी जवळ आणते. कॅननच्या एपीएस-सीवर ४०० मिमीची लेन्स ६४० मिमीसारखे काम करते. आखूड लेन्स म्हणजे कमी काच आणि कमी काच म्हणजे कमी वजन.

दुसरा आकडा एफचा. लेन्सची लांबी भागिले एफचा आकडा, म्हणजे उजेड आत येण्याच्या दाराची रुंदी. ६०० मिमी एफ ४ च्या लेन्सला १५० मिमी रुंदीची काच लागते, म्हणजे नाश्त्याच्या बशीएवढी. निकॉनची २०१५ ची तशी लेन्स ३,८१० ग्रॅमची आहे. तीच ४०० मिमी एफ ८ ची असेल तर ५० मिमी रुंदी पुरते. कॅननची १००-४०० मिमीची आरएफ लेन्स याच हिशेबाने ६३५ ग्रॅमची झाली.

मग सगळ्यांनी हलकेच का घेऊ नये? कारण उजेडाचा हिशेब चुकता करावा लागतो. एफ ८ वर एफ ४ च्या चौथाई उजेड आत येतो. भर उन्हात फरक जाणवत नाही. पहाटेच्या जंगलात, ढगाळ हवेत किंवा लेण्याच्या अंधारात मात्र फोटो दाणेदार होतो, नाहीतर हलतो. फार लहान सेन्सरचेही तेच दुखणे. म्हणून हलका कॅमेरा घेणाऱ्याने उजेडाची वेळ साधावयास शिकावे. सकाळी आठ ते दहा आणि दुपारी चारनंतरचा तास-दीड तास सोयीचा.

चार वाटा

पहिली वाट, एकत्र झूम कॅमेरा. लेन्स अंगातच बसवलेली असते, बदलावी लागत नाही. कॅननचा २०१८ चा एसएक्स ७० सुमारे ६१० ग्रॅमचा असून १,३६५ मिमीएवढे जवळ आणतो. निकॉनचा २०२० चा पी ९५० हा १,००५ ग्रॅमचा आहे आणि २,००० मिमीपर्यंत जातो. एकाच वस्तूत लेण्यापासून पक्ष्यापर्यंत सगळे भागते. त्याचाच थोरला भाऊ पी १००० हा ३,००० मिमीपर्यंत जातो, पण १,४१५ ग्रॅमचा आहे. मग हलकेपणा राहिला कोठे? या सर्वांचा सेन्सर नखाएवढा आहे हे विसरू नये. उडता पक्षी आणि संध्याकाळ या दोन्ही ठिकाणी ते कमी पडतात.

दुसरी वाट, जुना डीएसएलआर आणि लहान झूम लेन्स. कॅननचा २०१७ चा २००डी हा ४५३ ग्रॅमचा आणि ५५-२५० मिमीची एसटीएम लेन्स ३७५ ग्रॅमची, मिळून ८२८ ग्रॅम. ४०० मिमीएवढे जवळ येते. वापरलेल्या बाजारात असे संच पुष्कळ आहेत, कारण हौशी मंडळी आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडे वळली. आपल्यासारख्यांना ही संधी आहे. याचा सेन्सर एसएक्स ७० किंवा पी ९५० च्या सेन्सरपेक्षा क्षेत्रफळाने सुमारे बारापट मोठा, म्हणून अंधाऱ्या लेण्यात तो अधिक उपयोगी.

तिसरी वाट, आरसा नसलेला नवा कॅमेरा, ज्याला मिररलेस म्हणतात. कॅननचा २०२३ चा आर ५० हा ३७५ ग्रॅमचा आहे. वर सांगितलेली ६३५ ग्रॅमची लेन्स लावली की १,०१० ग्रॅम होतात. यात पक्ष्याचा डोळा ओळखून त्यावर नेम धरण्याची सोय आहे, नवशिक्याला तिचा फार उपयोग होतो. ऑलिम्पसची मायक्रो फोर थर्ड्ससाठीची ७५-३०० मिमी लेन्स तर अवघी ४२३ ग्रॅमची आहे. फोटोच्या दृष्टीने ही वाट सर्वांत चांगली, पण खिशाला सर्वांत जड.

चौथी वाट दुकानदार सांगत नाही. आधी दुर्बीण घ्यावी. ८ × ४२ म्हणजे आठपट जवळ आणणारी आणि ४२ मिमीच्या काचेची. कॅमेऱ्यापेक्षा ती पुष्कळ स्वस्त असते, तिला बॅटरी लागत नाही, ती हातोहात फिरते आणि घरातली आजीसुद्धा शेकाट्याचे लांब लाल पाय पाहू शकते. ज्याला पक्षी शोधता येत नाही त्याला कॅमेऱ्यातूनही तो सापडत नाही. सहा महिने दुर्बीण वापरूनही नाद टिकला तर कॅमेरा घ्यावा.

तुलनेसाठी दुकानदारांचा आवडता जड संचही सांगतो. निकॉन डी ५०० हा ८६० ग्रॅमचा आणि २००-५०० मिमीची लेन्स २,३०० ग्रॅमची, मिळून ३,१६० ग्रॅम. फोटो उत्तमच येतात. पण सव्वातीन किलोंच्या आसपासचे हे ओझे गळ्यात अडकवून सकाळच्या विरार लोकलमध्ये शिरून दाखवावे! आमच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याने असा संच घेतला. पहिल्या वर्षी तीन वेळा बाहेर निघाला, आता कपाटात आहे. हप्ते मात्र शेवटपर्यंत चालू राहिले. जो कॅमेरा घरी ठेवून जावेसे वाटते तो कितीही चांगला असला तरी आपल्या कामाचा नव्हे.

आता खिशाचा हिशेब

किमती रोज बदलतात म्हणून नेमका भाव सांगत नाही, हिशेबाची रीत सांगतो. समजा कॅमेरा, लेन्स, कार्ड आणि पिशवी मिळून ६०,००० रुपये झाले. संच पाच वर्षे टिकेल असे धरू. वर्षाला चार सहली होत असतील तर पाच वर्षांत वीस सहली, म्हणजे दर सहलीमागे ३,००० रुपये केवळ कॅमेऱ्याचे. एवढ्या पैशांत घरातले आणखी एक माणूस सहलीला येईल. अशा घराने कॅमेरा विकत घेऊ नये. मोठ्या शहरांत कॅमेरा भाड्याने मिळतो, अनामत ठेवावी लागते, पण दोन-चार दिवसांचे काम भागते.

गासच्या मुलीचे मात्र वेगळे आहे. पावसाळा आणि परीक्षा वजा करून ती वर्षाला तीस रविवार बाहेर पडत असेल तर पाच वर्षांत दीडशे फेऱ्या होतात. ६०,००० चा संच तिला दर फेरीस ४०० रुपयांना पडेल आणि २५,००० चा वापरलेला संच १६७ रुपयांना. म्हणून "कॅमेरा कितीला?" याआधी "कितीदा?" हे विचारावे.

"बिनव्याजी हप्ता" या शब्दावर भुलू नये. प्रक्रिया शुल्क असते. बँकेने लावलेले व्याज सवलत म्हणून वळते केले तरी व्याजाच्या रकमेवरचा जीएसटी आपल्याकडून जातो. शिवाय रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट आपल्याला मिळत नाही. एक हप्ता चुकला की दंड वेगळा. सहा महिने दरमहा रक्कम बाजूला टाकून पाहावी. टाकता आली तर वस्तू घेण्याची ऐपत आहे, आणि नाही आली तर हप्ताही भरता आला नसता हे फुकटात कळते.

महिला मंडळापुढे एक सूचना ठेवतो. बारा कुटुंबांनी पाच-पाच हजार घातले की ६०,००० होतात. कॅमेरा मंडळाच्या नावाने घ्यावा, पावती मंडळाच्या फाईलला लावावी, कोणी कधी नेला याची वही ठेवावी आणि मोडतोडीसाठी दरमहा थोडी रक्कम जमा करावी. मंडपाची भांडी, सतरंज्या आपण अशाच वापरतो, मग कॅमेरा का नाही? अट एकच, सांभाळणारी व्यक्ती ठरलेली असावी. सर्वांची वस्तू ती कोणाचीच नव्हे, असे होऊ देऊ नये.

वापरलेला घेताना

लेन्समधून टॉर्चचा उजेड आरपार सोडून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, लेन्स परत द्यावी. झूम पूर्ण पुढे-मागे करून प्रत्येक टप्प्यावर फोटो काढावा. बॅटरी, चार्जर, मूळ बिल मागावे. शटर किती वेळा उघडले हा आकडा विचारावा. ही लेन्स याच कॅमेऱ्यावर आपोआप नेम धरते का, हे लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. अंगात लेन्स असलेल्या कॅमेऱ्यात धूळ शिरली तर ती काढणे खर्चाचे होते, म्हणून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून काळे ठिपके दिसतात का ते पाहावे.

वसईची हवा कॅमेऱ्याला वाईट. पावसाळ्यात चामड्याच्या पिशवीत ठेवलेल्या लेन्सला बुरशी लवकर धरते. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्यात ठेवावा. तांदळात ठेवू नये, पीठ आत जाते. समुद्रावरून आल्यावर किंचित ओलसर स्वच्छ फडक्याने बाहेरून पुसावा, नंतर कोरड्याने.

सहलीत

ताडोबाच्या जिप्सीत तिपाई ठेवायला जागा नसते. कापडी पिशवी रिकामी न्यावी, तिथे तांदूळ वा मूग भरून गाडीच्या कठड्यावर ठेवावी आणि तीवर लेन्स टेकवावी. परतताना धान्य स्वयंपाकात वापरता येते. वाघ पुष्कळदा रस्त्याजवळ दिसतो, मोठा प्राणी असल्याने त्याला २५० मिमीची लेन्स पुरते. लांब लेन्सची खरी गरज लहान पक्ष्याला. बसलेल्या पक्ष्यासाठी शटरचा वेग १/२५० सेकंद चालेल, उडत्यासाठी १/१००० च्या पुढे हवा. कॅमेऱ्यातली हात स्थिर करण्याची सोय आपला थरथरता हात सावरते, पक्ष्याचे पंख थांबवत नाही. ताडोबा मंगळवारी बंद असते.

अजिंठा सोमवारी बंद असतो. चित्रांवर फ्लॅश मारण्यास सक्त मनाई आहे आणि ती योग्यच आहे, तीव्र उजेडाने रंगांना इजा होते. फ्लॅश आधीच बंद करून ठेवावा, मिणमिणत्या उजेडात श्वास रोखून दोन-तीन फोटो घ्यावेत. एक तरी धड येतो.

आणि नागपूरची वाट धरण्याआधी दाराशी काय आहे ते पाहावे. सोपाऱ्याचा स्तूप १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उत्खनन करून उजेडात आणला. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सोपाऱ्यातच मिळाला आणि नवव्याचा तुकडा १९५६ साली भुईगावला मिळाला. गासच्या मुलीचा रविवार ज्या भुईगावात जातो तेच हे भुईगाव. एका सकाळी स्तूप आणि बावखले दोन्ही होतील, फार तर रिक्षाचे भाडे पडेल. वन्यजीवांसाठी २००३ साली जाहीर झालेले तुंगारेश्वर अभयारण्यही वसई तालुक्यातच आहे. हात बसवायचा तो इथे, ताडोबाच्या महागड्या सफारीत नव्हे.

फोटो काढून झाल्यावर

अजिंठ्याची चित्रे नकलून घेण्याचे काम मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून वर्षानुवर्षे केले. त्यांची बहुतेक चित्रे लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवली होती. डिसेंबर १८६६ च्या आगीत ती जळाली. पण गिल यांनी कॅमेराही हाती घेतला होता आणि त्यांच्या लेण्यांच्या फोटोंचे पुस्तक १८६४ मध्ये निघाले होते. त्याच्या अनेक प्रती असल्याने ते काम उरले. एकच प्रत असलेली वस्तू गेली की गेली. आपल्या वसई-नालासोपाऱ्यात घरात पाणी शिरून किती लग्नांचे अल्बम भिजले ते घरोघरी विचारावे. सहलीहून आल्यावर फोटो दोन ठिकाणी ठेवावेत, एक प्रत नातेवाइकाकडे. निवडक दहा-बारा फोटोंचे कागदी प्रिंट काढून मागे तारीख, ठिकाण आणि नावे लिहावीत.

शेवटी वागण्याबद्दल दोन शब्द. घरट्याजवळ जाऊ नये, पिले असताना तर मुळीच नाही. पक्षी यावा म्हणून मोबाईलवर त्याचा आवाज वाजवू नये. आणि जंगलाजवळच्या पाड्यावरचा माणूस, त्याची झोपडी, त्याची उघडी मुले हा आपल्या सहलीचा देखावा नाही. आधी नमस्कार करावा, विचारावे, "नाही" म्हटले तर कॅमेरा खाली ठेवावा. कोणीतरी न विचारता आपल्याकडे बघत राहणे कसे वाटते, हे आपल्या लोकांना सांगावे लागत नाही.

तर भगिनी, माझा सल्ला असा. हप्त्याचा कागद सही न करता परत द्या. आधी दुर्बीण घ्या. या सहलीपुरता कॅमेरा भाड्याने घ्या किंवा मंडळात विषय काढा. मुलीने वही चालू ठेवली आणि पैसे साठले की पुढच्या हिवाळ्याआधी वापरलेला, किलोभराच्या आतला संच तिला घेऊन द्या. दुकानात तिला सोबत न्या, गळ्यात कॅमेरा अडकवून पंधरा मिनिटे उभे राहू द्या. मान दुखते की नाही हे तिलाच कळेल. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना एक रविवार बावखलावर न्या, खंड्या दाखवा. नंतर काय म्हणतात ते मला जरूर कळवा.

पुढील अंकी : विम्याचा हप्ता आणि त्यातली बारीक अक्षरे.